यमुनेला उतार नव्हता

पानिपत शहराबाहेर सुमारे आठ किलोमीटरांवर काला अंब नावाचे ठिकाण आहे. १४ जानेवारी १७६१ च्या संग्रामाच्या वेळी तेथे आंब्याचे एक झाड होते आणि रणात सांडलेल्या रक्ताने ते काळे पडले, अशी आख्यायिका त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ते झाड कधीच वठून गेले. त्याच्या जागी आता विटांचा एक स्तंभ आहे. महाराष्ट्रातून येणारा प्रवासी त्या स्तंभासमोर हात जोडतो, भोवतालच्या सपाट शेतांवरून नजर फिरवतो आणि इब्राहिमखानाच्या तोफा कोणत्या अंगास असतील, विश्वासरावांना गोळी लागली ती जागा कोठे असेल, याचा मनाशी अदमास घेतो. यमुना येथून किती दूर आणि कोणत्या दिशेस, हा प्रश्न मात्र सहसा कोणाच्या ओठी येत नाही. वस्तुतः काला अंबच्या मातीत एका दिवसात जे घडले, त्याची घडण त्यापूर्वी वर्षभर यमुनेच्या पाण्यात होत होती.

पानिपतच्या पराभवाची कारणे मराठी वाचकास तोंडपाठ आहेत. मल्हाररावांचे वर्तन, सूरजमल जाटाचा काढता पाय, बुणग्यांचा भार, अन्नावाचून झालेली दैना, ही सर्व कारणे आपापल्या परीने खरी आहेत आणि त्यांवर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. परंतु इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली प्रसिद्ध केलेला मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड उघडून त्यातील १७६० सालचा पत्रव्यवहार सलग वाचावा, म्हणजे एका साध्यासुध्या वस्तूची चिंता त्यातून सतत डोके वर काढताना दिसते. ती वस्तू म्हणजे नाव. सेनापतीला हव्या आहेत त्या नदी ओलांडण्यासाठी नावा, आणि त्या त्याला वेळेवर मिळत नाहीत.

दख्खनच्या माणसाला ही चिंता एकाएकी उमगत नाही, याचे कारण त्याच्या नद्यांत आहे. कृष्णा, भीमा, गोदावरी यांचे तळ बहुतांशी खडकाळ आणि पाणी पावसाचे. चार महिने त्या दुथडी वाहतात आणि उरलेले आठ महिने ठिकठिकाणी पायउतार देतात. मराठ्यांच्या स्वारीचे पंचांगच या नद्यांनी आखून दिले होते. दसऱ्याला सीमोल्लंघन करावे आणि मृगाच्या सुमारास छावणीला परतावे. नदी अडवते तेव्हा लढाई नसते आणि लढाई असते तेव्हा नदी अडवत नाही, अशी ही सोयीची व्यवस्था होती. यमुनेचा स्वभाव निराळा. ती हिमालयातून येते. तिचा तळ वाळूचा, आणि धार वर्षावर्षाला पात्र बदलणारी. गेल्या हिवाळ्यात जेथून घोडा पोटाशी पाणी लागू न देता गेला, तेथे यंदा हत्ती बुडेल इतका डोह असावयाचा. अशा नदीत उतार कोठे आहे हे नकाशा सांगू शकत नाही. काठावर जन्म काढलेला नावाडी तेवढा सांगू शकतो, आणि तो कोणाला सांगतो यावर सैन्यांचे दैव अवलंबून राहते.

या पाण्याच्या राजकारणाचा पहिला कटू अनुभव मराठ्यांना यमुनेवर नव्हे, गंगेवर आला. १७५९ साली दत्ताजी शिंदे यांना गंगा ओलांडून पूर्वेकडे, बिहार-बंगालच्या रोखाने जावयाचे होते. त्यासाठी गंगेवर नावांचा पूल बांधून देण्याचे आश्वासन नजीबखान रोहिल्याने दिले. आज बांधतो, उद्या बांधतो, असे म्हणत त्याने दिवस काढले. पावसाळा लागला. पूल झाला नाही असे नाही. शुक्रतालला पूल झाला, परंतु तो दत्ताजीसाठी नव्हता. त्या पुलावरून नजीबाला पलीकडच्या रोहिलखंडातून धान्य आणि माणसे मिळू लागली, आणि दत्ताजी अलीकडच्या काठावर वेढा घालून महिन्यांमागून महिने बसून राहिला. तोवर अहमदशहा अब्दाली पंजाबात उतरला होता. ज्याच्या हाती नावा त्याच्या हाती वेळ, हे नजीब पुरेपूर ओळखून होता. मराठ्यांच्या उत्तरेतील सर्व शत्रूंमध्ये तोच खरा धोरणी होता असे जे म्हटले जाते, त्याचा पुरावा शुक्रतालच्या त्या पुलाइतका स्पष्ट दुसरीकडे क्वचितच मिळेल.

डिसेंबर १७५९ मध्ये वेढा उठवून दत्ताजी यमुना उतरून पश्चिमेकडे आला. अब्दाली मात्र तिच्या वरच्या अंगाला नदी ओलांडून अंतर्वेदीत, म्हणजे गंगा-यमुनांमधील प्रदेशात गेला आणि नजीबास मिळाला. आता दोन सैन्यांमध्ये यमुना होती. दिल्लीच्या उत्तरेस, आज शहरातच मोडणाऱ्या बुराडीच्या घाटापर्यंत मराठ्यांनी उतारांवर चौक्या बसवल्या होत्या. हिवाळ्यामुळे पाणी उतरलेले, पात्रात बेटे उघडी पडलेली आणि त्यांवर माणूस बुडेल एवढे उंच वेत-झाऊचे रान. १० जानेवारी १७६० रोजी त्या रानाच्या आडोशाने रोहिले बंदूकधारी नदीत उतरले. मराठ्यांच्या हाती प्रामुख्याने भाले आणि तलवारी होत्या. बंदुकीच्या टप्प्यात येऊन त्यांना लढावे लागले. दत्ताजी तेथेच पडला आणि जनकोजी जखमी झाला. मरणापूर्वीचे जे उद्गार परंपरेने दत्ताजीच्या तोंडी घातले आहेत ते मराठी घराघरांत माहीत आहेत. परंतु तो प्रसंग शौर्याचा जितका होता तितकाच तो नदीच्या उताराचे रक्षण कसे करावे या प्रश्नाचाही होता, ही गोष्ट त्या उद्गारांच्या तेजात झाकून गेली आहे. लांबवर पसरलेल्या नदीकाठावर प्रत्येक उतारापाशी थोडी थोडी माणसे ठेवली, तर शत्रू एकाच ठिकाणी सर्व बळ लावून घुसतो. दहा महिन्यांनी पुन्हा नेमके हेच घडावयाचे होते.

सदाशिवरावभाऊ मार्च १७६० मध्ये परतूडाहून निघाले आणि मेअखेरीस ग्वाल्हेरच्या परिसरात पोहोचले. अब्दाली त्या वेळी अंतर्वेदीत, गंगेकाठी अनूपशहराच्या बाजूला छावणी करून होता. भाऊंचा मूळ बेत सरळ आणि सयुक्तिक होता. इटाव्याच्या बाजूला यमुना ओलांडावी, अंतर्वेदीत शिरावे, अब्दाली आणि अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला यांची गाठ पडण्यापूर्वी मधे उभे राहावे आणि पावसाळ्यातच शत्रूला त्याच्या छावणीत गाठावे. हा बेत साधला असता तर शुजाने कोणती बाजू घेतली असती हे सांगणे कठीण आहे. एवढे खरे की तोवर तो दोन्ही दरडींवर पाय ठेवून उभा होता. या बेताची सारी भिस्त इटाव्याजवळ नावा गोळा करण्यावर होती, आणि ते काम बुंदेलखंड व अंतर्वेदीतील मराठी महालांचा कारभार पाहणाऱ्या गोविंदपंत बुंदेल्यांकडे सोपवलेले होते.

नावांचा पूल ही काही उत्तरेत नवलाची वस्तू नव्हती. अबुल फजलच्या ‘आईने अकबरी’त मीर बहर या नौका-खात्याच्या अधिकाऱ्याची कामे दिली आहेत आणि नदी उतरण्याचे दरही नोंदले आहेत. हत्तीला दहा दाम, भरल्या गाड्याला चार, रिकाम्या गाड्याला दोन. आणि वीस माणसे मिळून एक दाम. दिल्लीच्या किल्ल्यालगत यमुनेवर नावांचाच पूल असे, आणि ११ मे १८५७ रोजी मेरठहून आलेले शिपाई त्यावरूनच पलीकडे आले. पुलाची रचना सांगावयास सोपी आहे. नावांची तोंडे धारेच्या दिशेला करून त्या शेजारी शेजारी उभ्या करावयाच्या, प्रत्येकीचा नांगर धारेच्या वरच्या बाजूस टाकावयाचा, सर्वांना जाड दोरांनी एकमेकींशी जखडावयाचे, वर तुळ्या आणि फळ्या टाकून त्यांवर गवत-माती पसरावयाची. पाचशे मीटर रुंदीच्या प्रवाहावर दर पाच मीटरांना एक नाव धरली तरी शंभर नावा लागतात. शिवाय शेकडो नावाडी, सुतार, दोर वळणारे आणि लोहार. त्यातही पुराचे दिवस म्हणजे पुलाचे वैरीच. वाळूच्या तळात नांगर धरत नाही, वरून वाहत येणारे ओंडके नावांवर आदळतात, आणि एक नाव सुटली की शेजारच्या चार सुटतात.

पूल नाही तर निदान नावेतून फेऱ्या मारून सैन्य उतरवावे, असे कोणी म्हणेल. हिवाळ्यात ते शक्य असते. नावाडी लांब बांबू तळाला टेकवतो आणि त्या जोरावर नाव सरळ रेषेत ढकलत नेतो. पुरात बांबूला तळ लागत नाही. मग उरतात वल्ही, आणि वल्ह्यांच्या बळावर अवजड नाव धारेशी झुंजू लागली म्हणजे ती पलीकडे जाते खरी, परंतु कोसभर खाली जाऊन लागते. तेथून तिला दोराने ओढत पुन्हा वर आणावयाची. पाण्याखालीच जोर लावणारे साधन असते तर ही अडचण राहिली नसती. ते साधन माणसाच्या हाती यावयास विसावे शतक उजाडावे लागले. १९०९ साली अमेरिकेतील मिलवॉकी येथे ओले एव्हिन्‌रूड यांनी नावेच्या पाठीमागे टांगावयाची मोटर तयार केली आणि ती लवकरच जगभर पसरली. तिचे इंजिन वर दिसते, पण तिचे मर्म पाण्याखालच्या पेटीत असते. वरून आलेल्या उभ्या दांड्याची गती दोन-तीन दातेरी चाके आडव्या दांड्याला देतात आणि त्याच्या टोकाचा पंखा पाणी मागे लोटतो. जुन्या मोटरीची दुरुस्ती करणारा कारागीर प्रथम याच पेटीला हात घालतो. गाळ आणि वाळू यांनी दांड्याभोवतीची रबरी कडी झिजलेली असतात, फटीतून पाणी शिरून आतले तेल दुधासारखे पांढरे झालेले असते, थंड पाणी वर चढवणाऱ्या पंपाची रबरी पाती तुटलेली असतात. कडी बदलावी, चाकांचे दात तपासावेत, नवे तेल भरावे, की पन्नास वर्षांची मोटर पुन्हा धार कापू लागते. मूठभर माणसांनी हाकलेल्या अशा नावा भरल्या नदीत दिवसाला कित्येक फेऱ्या करू शकतात. भाऊंच्या काळी त्या जागी बांबू, वल्हे आणि नावाड्याची मर्जी एवढेच होते.

गोविंदपंतांनी नावा जमवल्या नाहीत याबद्दल त्यांना पुष्कळ बोल लावला गेला आहे. राजवाड्यांचा त्यांच्यावरील रोष तर प्रसिद्धच आहे. परंतु हा न्याय थोडा कठोर वाटतो. गोविंदपंत हे वसुलाचे जाणते अधिकारी. आयुष्यभर त्यांनी महालांचे हिशेब पाहिले. नावांचे खाते असे मराठी राज्याने उत्तरेत कधी निर्माणच केले नव्हते. शिवाय नाव ही दोन काठांची वस्तू आहे. ज्या सत्तेचा अंमल दोन्ही तीरांवर नाही तिला नावा मिळत नाहीत, कारण शत्रूची चाहूल लागताच नावाडी आपली नाव पलीकडे नेतो किंवा बुडवून ठेवतो. ती त्याची उपजीविका असते. १७६० च्या उन्हाळ्यात अंतर्वेदीतील मराठी ठाणी डळमळत होती. अशा स्थितीत एका वसुली अधिकाऱ्याने भर पुरात शंभर नावांचा ताफा उभा करावा, ही अपेक्षा कागदावर शोभणारी होती.

येथे एका विसंगतीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. नावा बांधणारे, पाण्यावर लढणारे लोक मराठी राज्यात नव्हते असे थोडेच होते? कोकण किनाऱ्यावर आंग्र्यांचे आरमार अर्धशतकाहून अधिक काळ परकीयांच्या उरात धडकी भरवीत होते. त्याच आरमारातील तुळाजी आंग्र्यांचा ताफा फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गच्या खाडीत जळून खाक झाला, आणि तो पेशव्यांनी इंग्रजांशी संगनमत करून चालवलेल्या मोहिमेत. कोकणातील सुतार-तांडेलांना यमुनेवर आणून पूल झाला असता असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. समुद्र निराळा, नदी निराळी. परंतु पाण्याची वाट ही राज्याच्या शक्तीचा एक अवयव आहे, ही जाणीवच पुणे दरबारात क्षीण झाली होती, असे मात्र म्हणावे लागते.

तिकडे सेनेचे रूपही पालटले होते. मल्हाररावांच्या पिढीचा मराठा स्वार घोड्यासह नदीत उडी घाली. त्याचा संसार खोगिराखाली मावे. भाऊंच्या सैन्यात इब्राहिमखान गारद्याची आठ-नऊ हजार कवायती माणसे आणि जड तोफखाना होता. सरदारांचे कबिले होते. काशी-प्रयागच्या आशेने निघालेले यात्रेकरू होते. तोफ पोहत नाही आणि पालखीही पोहत नाही. जड सामान आणि बायकामाणसे मागे ठेवून हलक्या फौजेनिशी लढावे, हा मल्हारराव आणि सूरजमल यांचा सल्ला गनिमी काव्याचा अट्टाहास म्हणून पुष्कळांनी बाजूस सारला आहे. नदीच्या दृष्टीने पाहिले तर त्या सल्ल्यात व्यवहार होता. नव्या धर्तीची सेना उभारावयाची तर तिच्याबरोबर नव्या धर्तीचे पूल बांधणारे खातेही हवे. पहिली गोष्ट भाऊंनी केली. दुसरीची तजवीज कोणीच केली नव्हती.

जूनमध्ये चंबळ ओलांडून सैन्य पुढे सरकले, पण पावसाने वाट धरली आणि जुलैच्या मध्यास आग्र्याजवळ पोहोचल्यावर यमुना ओलांडण्याचा बेत सोडावा लागला. त्याच महिन्यात शुजाउद्दौला अब्दालीस जाऊन मिळाला. भाऊ नदीच्या पश्चिम काठाने उत्तरेकडे वळले आणि ऑगस्टच्या आरंभी दिल्लीचा किल्ला त्यांच्या हाती आला. विजय मोठा दिसला. परंतु शत्रू नदीच्या पलीकडे आणि आपण अलीकडे, ही मूळ स्थिती तशीच राहिली. आणि पलीकडचा मुलूख सुपीक तर अलीकडचा ओरबाडलेला. दिल्लीत सैन्याला चाऱ्याची आणि पैशाची टंचाई भासू लागली.

ऑक्टोबरात भाऊ यमुनेच्याच काठी असलेल्या कुंजपुऱ्यावर गेले. १७ ऑक्टोबर १७६० रोजी ते ठाणे पडले. अब्दुस्समदखान मारला गेला; दत्ताजीच्या वधाशी ज्याचे नाव जोडले जाते तो कुत्बशहा हाती लागला आणि त्याचे शिर कापण्यात आले. अन्नधान्याचा मोठा साठा मिळाला. पलीकडून अब्दाली हे पाहत होता, आणि नदी भरलेली असल्यामुळे त्याला काहीच करता येत नव्हते. यमुनेने मराठ्यांना हात दिला असा हा या साऱ्या कथेतील एकमेव प्रसंग. दुर्दैव असे की त्यामुळेच नदीवर अवाजवी विश्वास बसला. मराठ्यांचा दसरा कुंजपुऱ्यास साजरा झाला आणि भाऊ कुरुक्षेत्राच्या रोखाने निघाले. दिल्ली व कुंजपुरा यांच्यामधल्या लांब काठावर किरकोळ चौक्या तेवढ्या होत्या.

अब्दालीलाही नावा मिळाल्या नव्हत्या, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. त्याने दुसरा मार्ग पत्करला. दिल्लीच्या उत्तरेस सुमारे चाळीस किलोमीटरांवरील बागपतजवळ त्याने पाण्याचा ठाव घेतला. एक अरुंद उतार सापडला. त्याच्या दोन्ही अंगांना खोल पाणी होते. २५ ऑक्टोबरच्या सुमारास सैन्य त्या वाटेने नदीत उतरू लागले. उपवास करून आणि पवित्र वचन लिहिलेला बाण नदीत सोडून शहाने पाण्याला शांत केले, अशी कथा त्याच्या पक्षाकडून सांगितली गेली. शुजाच्या पदरी असलेल्या काशीराज पंडितानेही या प्रसंगाची हकीकत आपल्या फार्सी वृत्तांतात दिली आहे. पाय घसरून पुष्कळ माणसे वाहून गेली. परंतु जी माणसे गेली त्यांचा शोक करीत न बसता उरलेली पुढे रेटली, आणि मराठी चौकीवाल्यांना जाग येईपर्यंत शत्रू पश्चिम काठावर होता. भाऊंनी पुलाच्या आशेवर एक पावसाळा घालवला आणि अब्दालीने माणसे बुडण्याची किंमत मोजून दोन-तीन दिवसांत नदी ओलांडली. सेनापती या नात्याने दोघांच्या वृत्तींत जो भेद होता तो बागपतला उघड झाला. त्यात भाऊंच्या माणुसकीचा भाग किती आणि गाफीलपणाचा किती, हा वाद शेजवलकरांसारख्या साक्षेपी इतिहासकारांनी भाऊंची बाजू हिरीरीने मांडूनही मिटलेला नाही. बागपतच्या बाबतीत तरी गाफीलपणाचे पारडे जड दिसते. बुराडीचा धडा अवघा दहा महिन्यांचा जुना होता.

बातमी कळताच भाऊ मागे फिरले आणि ऑक्टोबरच्या शेवटी पानिपतला येऊन थांबले. दक्षिणेकडून आलेले सैन्य आता शत्रूच्या उत्तरेस होते. दिल्लीची, म्हणजेच घरची वाट अब्दालीच्या छावणीने अडवली होती. पूर्वेस यमुना, तिच्या पलीकडे नजीबाचा मुलूख, जेथून बागपतच्या मार्गाने अब्दालीला रसद येत राहिली. ती तोडण्याचे काम पुन्हा गोविंदपंतांवर आले. वय आणि सवय दोन्ही प्रतिकूल असताना ते अंतर्वेदीत मेरठ-गाझियाबादच्या बाजूला हिंडत राहिले आणि डिसेंबर १७६० च्या उत्तरार्धात अफगाणांच्या अचानक छाप्यात मारले गेले. ज्यांना नावांबद्दल दोष दिला जातो त्यांनी आपल्या नोकरीची किंमत या रीतीने चुकती केली. त्यानंतर पानिपतच्या खंदकाआड धान्याची वाट पाहण्यात अर्थ उरला नाही.

१४ जानेवारीच्या पहाटे सैन्य खंदकाबाहेर पडले ते जिंकण्याच्या उमेदीइतकेच वाट काढण्याच्या निकडीने. तोफखाना आघाडीस ठेवून, बिनलढाऊंना मधे घेऊन, यमुनेकडे आणि तेथून दिल्लीकडे सरकावे, असा विचार होता. नदीकाठ मिळाला असता तर पाणी मिळाले असते आणि एक बाजू सुरक्षित राहिली असती. ज्या नदीला वर्षभर ओलांडता आले नाही, तिच्याच आश्रयाला जाण्याची ती धडपड होती. डाव्या अंगास इब्राहिमखानाच्या गारद्यांनी रोहिल्यांची फळी फोडली. मध्यभागी भाऊंच्या हुजुरातीने वजिराची फौज मागे रेटली. दुपारनंतर विश्वासराव पडले, अब्दालीची राखीव फौज पुढे आली आणि सर्व विस्कटले. काला अंबच्या परिसरापासून यमुनेचा काठ काही कोसांवर होता. तेथपर्यंत सेना म्हणून कोणी पोहोचले नाही.

जे वाचले ते पश्चिमेस आणि दक्षिणेस फुटले. पूर्वेस जाण्यासारखे काही नव्हते. पार्वतीबाईंसह उरलेली मंडळी सूरजमल जाटाच्या मुलुखात आली. तेथे त्यांना अन्नवस्त्र मिळाले, जखमांवर पट्ट्या बांधल्या गेल्या, आणि मग ती ग्वाल्हेरकडे निघाली. हिवाळा सरत आला होता आणि नद्यांचे पाणी ओसरले होते.